टर्बो की सुपरचार्जर? जुनी सिटी, मालशेज घाट आणि चार माणसं

बोरिवलीचा_बंड्या
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१६ ची होंडा सिटी आहे, १.५ पेट्रोल, मॅन्युअल. इंजिन ठणठणीत, विकायला जीव होत नाही. रोजचं काम बोरिवली ते अंधेरी, म्हणजे हायवेवर पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. त्याबद्दल तक्रार नाही. पण गाव जुन्नरच्या पलीकडे. मालशेज चढताना आई-बाबा मागे, डिकीत सामान, एसी चालू, की गाडी रडायला लागते. पुढे एसटी असली की तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून इंजिन किंचाळवल्याशिवाय ओव्हरटेक नाही.

एका मित्राने डोक्यात भरवलंय की इंजिनात जास्त हवा कोंब, बाकी गाडी तीच ठेव. मला समजलं ते इतकंच: टर्बो एग्झॉस्टच्या, म्हणजे जळून बाहेर जाणाऱ्या वायूच्या झोतावर फिरतो, सुपरचार्जर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या पुलीवरून पट्ट्याने फिरतो. सुपरचार्जरला लॅग नाही, म्हणजे पाय दाबल्यावर जोर यायची वाट बघावी लागत नाही म्हणतात, म्हणून माझा कल तिकडे. बजेट अडीच लाख. जाणकारांनी उजेड पाडावा.

चाकोरी
अडीच लाखांत गाव अलीकडे सरकवून मिळतं का ते आधी बघा.

गुपचूप_वाचक
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

चौथा_गिअर
बंड्याभाऊ, सुपरचार्जरच. डोळे झाकून. आमच्या एका मित्राकडे मर्सिडीजची जुनी सी-क्लास कॉम्प्रेसर होती, मागे 'कॉम्प्रेसर' असं लिहिलेली. पायाला अंगठ्याएवढी हालचाल द्यायची आणि गाडी निघाली. वाट बघणं नाही, मग अचानक लाथ बसणं नाही. इंजिन मोठं असल्यासारखंच वाटतं, बस्स. शिवाय तो वरच्या सुरातला बारीक आवाज. टर्बोवाल्यांना ते सुख नाही, त्यांना नुसती शिट्टी.

तेलकट_हात
चौथा_गिअर यांचं वर्णन बरोबर आहे, पण ती गाडी कारखान्यातून तशी आली होती. बंड्याला आपल्या गाडीला बाहेरून बसवायचंय. या दोन वेगळ्या गोष्टी.

थोडा हिशेब करू. सिटीचं इंजिन दीड लिटरचं, फोर स्ट्रोक. ६००० आरपीएमला सेकंदाला साधारण ७५ लिटर हवा ओढतं. ०.४ बार जादा दाब हवा असेल तर पंपाला बाहेरून जवळपास १०० लिटर आत घ्यावी लागेल. रूट्स जातीच्या सुपरचार्जरला एवढ्या कामाला कागदावर ४ किलोवॅट लागतात. हा पंप आत हवा दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो, त्यामुळे बरीच ताकद उष्णतेत जाते. प्रत्यक्षात साडेसहा-सात किलोवॅट धरा, म्हणजे नऊएक हॉर्सपॉवर. ती पट्ट्याने इंजिनातूनच जाते. मिळतं त्यापेक्षा बरंच कमी जातं, हे खरं. पण तुम्ही कांदिवलीच्या सिग्नलला उभे असतानाही पट्टा फिरतच असतो. कंपन्या बायपास व्हॉल्व्ह आणि क्लच लावून तो खर्च कमी करतात, बाहेरच्या किटमध्ये ते सगळं नीट जमेलच असं नाही.

टर्बोला हा खर्च नाही. पेट्रोलच्या ऊर्जेतला साधारण तिसरा हिस्सा एग्झॉस्टमधून उष्णता होऊन बाहेर जातो, त्यातलाच थोडा टर्बो वापरतो.

चौथा_गिअर
म्हणजे टर्बोची ताकद फुकट, असं म्हणायचंय का? एग्झॉस्टच्या वाटेत चाक बसवलं की मागे दाब वाढतो. पिस्टनला जळालेला वायू बाहेर ढकलायला जास्त जोर लागतो. फुकट काहीच नसतं राव.

तेलकट_हात
मान्य. फुकट नाही, स्वस्त.

नळबाजार_निवासी
काका, ऑनलाइन दीड हजाराला इलेक्ट्रिक टर्बो मिळतोय. एअर फिल्टरच्या पाइपमध्ये बसवायचा, बॅटरीला दोन वायर. रिव्ह्यू पाच तारे.

तेलकट_हात
वरचेच ४ किलोवॅट घ्या. १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे तर साडेतीनशे अँपियर होतात, तेही नुकसान न धरता. ती दोन वायर अंगठ्याएवढी जाड आहे का बघा. नसेल तर तो कॉम्प्युटरचा पंखा आहे. खरा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर असतो, ऑडीने २०१६ च्या एसक्यू७ मध्ये लावला, पण त्यासाठी गाडीत ४८ व्होल्टची वेगळी यंत्रणा घातली.

नळबाजार_निवासी
ऑर्डर कॅन्सल केली. आता ती मागे एग्झॉस्टच्या पाइपात लावायची शिट्टी मागवू का, टर्बोसारख्या आवाजासाठी?

चाकोरी
ती मागवा. ती सांगते तेवढंच करते.

सुमेधा_ठाणे
बंड्या, एक बायकी नाही पण घरगुती प्रश्न. आई-बाबा मागे बसतात म्हणालास. अशा गाडीचा इन्शुरन्स राहतो का? माझ्या माहितीप्रमाणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२ए कलम आलं. मालकाने नियमाबाहेर बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किटला मंजुरीची रीतसर वाट आहे, आरसीवर नोंद होते. टर्बोला कोण नोंद करून देणार?

भायखळ्याचा_भाऊ
ताई, अर्ध्या मुंबईत रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेल्या गाड्या फिरतायत, कोणी बघत नाही.

सुमेधा_ठाणे
रस्त्यावर कोणी बघत नाही. अपघात झाला की सर्व्हेयर बॉनेट उघडून बघतो. थर्ड पार्टीचा दावा लागला तर पुढची दहा वर्षं कोर्टात तुम्ही.

भायखळ्याचा_भाऊ
हा मुद्दा आहे खरा.

वाशीचा_वल्ली
मी प्रत्यक्ष केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. जुनी १.६ पेट्रोल सेदान होती. नवी मुंबईतल्या एका गॅरेजवाल्याने टर्बो बसवून दिला. सगळं धरून तीन लाखांच्या पुढे गेलं, कारण टर्बो हा त्यातला स्वस्त भाग असतो. त्याच्या मागून एग्झॉस्ट मॅनिफोल्ड, डाउनपाइप, दाबून तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर, त्याचे पाइप, मोठे इंजेक्टर, जास्त दाबाचा पेट्रोल पंप, तेलाची ये-जा करणाऱ्या लाइनी, आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला फसवणारा पिगीबॅक नावाचा जोडडबा. बूस्ट, म्हणजे जादा दाब, ठेवला ०.३५ बार, कारण आतले पिस्टन मूळचेच.

पहिल्यांदा पाम बीच रोडला पहाटे काढली तेव्हा हसू आवरेना. तिसऱ्यात ३००० च्या वर काटा गेला की मागून कोणी तरी ढकलतंय. आणि मग मुंबई सुरू झाली. मे महिना, सायन-पनवेल हायवे, मानखुर्दला गाडी मुंगीच्या चालीने. एग्झॉस्टच्या बाजूला लालबुंद होणारी वस्तू, बॉनेटखाली हवा हलत नाही, इंटरकूलरला वारा नाही. आत जाणारी हवा ६० अंशांच्या वर. मग नॉक होऊ नये, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकू नये म्हणून ईसीयू ठिणगी उशिरा टाकणार, म्हणजे ट्रॅफिकमध्ये गाडी मूळपेक्षा मठ्ठ. रेडिएटरचा पंखा बंद व्हायचं नावच घेईना. नंतर क्लच घसरायला लागला. मूळ क्लच मूळ टॉर्कसाठी, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या मूळ जोरासाठी बनवलेला असतो, त्याची काय चूक.

सुपरचार्जरचीही चौकशी केली होती. ब्रॅकेट बसवायला जागा एकच, एसी कॉम्प्रेसर होता तिथे. गॅरेजवाला शांतपणे म्हणाला, "एसी काढू या."

चाकोरी
मुंबईत एसी काढायचा म्हणजे घटस्फोटाची नोटीस आपणच टाइप करायची.

मी_पामर
वल्लीशेठ, मग त्या गाडीचं काय झालं?

वाशीचा_वल्ली
सगळं उतरवून मूळ रूपात आणली आणि विकली. सुटे भाग कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकाला दिले. त्याने टर्बोचं चाक बोटाने फिरवलं, शाफ्ट वर-खाली, आत-बाहेर हलवून पाहिला, नाकाशी धरून तेलाचा वास घेतला आणि आकडा सांगितला. घासाघीस केली पण तो आकडा काही हलला नाही.

शेडवाले_काका
धागा वाचून राहवलं नाही. कल्याणच्या डिझेल शेडमध्ये नोकरी गेली माझी, आता निवृत्त. तुम्ही मंडळी ज्याला लॅग म्हणता तो आम्ही डोळ्यांनी बघायचो. अल्को या अमेरिकन कंपनीच्या इंजिनाची डब्ल्यूडीएम-२ ही रेल्वेची डिझेल लोको, सोळा सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर. लोकोपायलटने नॉच, म्हणजे ताकदीची पायरी वाढवली की आधी धुराड्यातून काळाकुट्ट लोट. कारण डिझेल सोडणाऱ्या गव्हर्नरने ते लगेच वाढवलं, पण टर्बोचं चाक अजून वेग घेतंय, हवा पोचलेली नाही. हवेविना डिझेल अर्धवट जळणार, धूर होणार. काही क्षणांनी टर्बोचा सूर चढला की धूर विरळ. तो काळा लोट म्हणजेच लॅग.

बेअरिंग तपासायची आमची एक रीत होती. इंजिन बंद करायचं आणि टर्बोपाशी घड्याळ घेऊन उभं राहायचं. इंजिन थांबल्यावरही टर्बो कितीतरी वेळ आपल्या नादात फिरत राहतो. सूर उतरत उतरत थांबेपर्यंतचा वेळ लिहायचा. नेहमीपेक्षा लवकर थांबला की समजायचं, बेअरिंग धरतंय.

आता तुमच्या प्रश्नाकडे. १९९९ मध्ये अमेरिकेहून डब्ल्यूडीजी-४ ही लोको आली, ईएमडी कंपनीचं इंजिन, ४००० हॉर्सपॉवर. ते टू-स्ट्रोक. त्याला स्वतः हवा ओढायचा वेगळा स्ट्रोकच नाही, कोणी तरी बाहेरून हवा भरून दिल्याशिवाय ते सुरूच होणार नाही. पण इंजिन सुरू होण्याआधी एग्झॉस्ट कुठून आणणार? म्हणून त्यांनी टर्बोला गिअरने इंजिनशी जोडलं. सुरुवातीला आणि कमी लोडवर इंजिनच गिअरमार्फत त्याला फिरवतं, म्हणजे तेव्हा तो सुपरचार्जर. लोड वाढला, एग्झॉस्टचा जोर आला, की चाक गिअरपेक्षा जोरात पळायला लागतं, मधला क्लच आपोआप सुटतो आणि तो टर्बो होतो. तुमचं भांडण तिथे एकाच डब्यात मिटवलेलं आहे.

चौथा_गिअर
काका, साष्टांग नमस्कार. हे माहीतच नव्हतं.

गुपचूप_वाचक
वाचनखूण साठवली. काका, शेडवर वेगळा धागा काढाच.

मी_पामर
+१. बंड्याच्या डिकीत ईएमडीचं इंजिन बसतं का विचारा कोणी.

पुस्तकी_किडा
अवांतर, पण धागा निघालाच आहे तर. रूट्स हे दोन भाऊ, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले. त्यांच्या ब्लोअरचं पेटंट १८६० चं, म्हणजे मोटारीचा जन्म व्हायच्या आधीचं. भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायला तो वापरत. टर्बोचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांचं, १९०५. कारमध्ये मात्र तो १९६२ मध्ये आला. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्ये नॉक टाळायला शुद्ध पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडत. त्याची वेगळी टाकी होती, ती मालकानेच भरायची. टाकी रिकामी झाली की बूस्ट कमी. लोक भरायचे नाहीत आणि गाडीला नावं ठेवायचे.

दोन्ही एकत्रही लावून झालेत. १९८५ ची लान्सिया डेल्टा एस४, आणि २००५ पासून फोक्सवॅगनचं १.४ टीएसआय. खाली सुपरचार्जर, वर टर्बो. छान चालायचं, पण महाग आणि गुंतागुंतीचं. पुढे एकटा लहान टर्बोच इतका सुधारला की सुपरचार्जरची गरज राहिली नाही.

भायखळ्याचा_भाऊ
मग आपल्याकडे सगळीकडे टर्बोच का? सुपरचार्जर आला असता तर लोकांनी घेतला नसता?

तेलकट_हात
आपल्याकडे त्याचं मोठं कारण कर. चार मीटरच्या आतली गाडी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर कमी कर. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला १८ टक्के जीएसटी, त्याबाहेर गेलात की ४०. म्हणून कंपन्यांनी एक लिटरचं तीन सिलिंडर इंजिन घेतलं आणि त्याला टर्बो लावला. शिवाय मायलेजची टेस्ट कमी लोडवर होते. तिथे टर्बो निवांत असतो, पट्ट्यावरच्या सुपरचार्जरला काही ना काही द्यावंच लागतं.

कोल्हापुरी_ठसका
भावा, नाद खुळा चाललाय धागा. पण माझ्या जुन्या १.३ डिझेलला पण टर्बोच हुता की. दोन हजाराच्या खाली गाडी झोपल्याली, वर गेली की उधळल्याला बैल. सायनच्या पुलावर पुढची रिक्षा थांबली की माझी पंचाईत. त्यापेक्षा साधं इंजिन बरं नव्हं?

तेलकट_हात
तो टर्बो त्या काळाचा. हल्लीच्या एक लिटर पेट्रोल टर्बोचे आकडे बघा. ह्युंदाईच्या इंजिनाला १७२ एनएम टॉर्क १५०० आरपीएमपासून मिळतो. बंड्याच्या सिटीला १४५ एनएम, तोही ४६०० ला. चाक लहान आणि हलकं केलं की लवकर वेग घेतं, दोन लाख आरपीएमच्या वरही जातं. लॅग संपला नाही, पण बराच खाली सरकला. १५०० च्या खाली मात्र अजूनही एक लिटरचंच इंजिन उरतं, तेव्हा ट्रॅफिकमध्ये क्लच जरा जास्त खेळवावा लागतो. टॉर्क कन्व्हर्टरवालं ऑटोमॅटिक घेतलं तर तो ते झाकून नेतो.

ईव्ही_उत्साही
सगळ्यांचा वेळ वाचवतो. ईव्ही घ्या. शून्य आरपीएमला पूर्ण टॉर्क.

चाकोरी
आले! कालपासून वाट बघत होतो. सोसायटीत चार्जरला एनओसी मिळाली का तुम्हाला?

ईव्ही_उत्साही
सेक्रेटरी पुढच्या मीटिंगला विषय घेतो म्हणालेत.

मी_पामर
आणि ई२० पेट्रोलवर कोणी इथे सुरू करू नका, त्याचा वेगळा धागा आहे, तिथे अजून मारामारी चालू आहे.

सुमेधा_ठाणे
किटवाल्यांसाठी अजून एक. बरेच जण गार हवा मिळावी म्हणून इनटेकचं तोंड खाली बंपरमागे नेतात. जुलैमध्ये अंधेरी सबवेच्या तोंडाशी अडकलात आणि पाणी तिथवर आलं, तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढणार. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या ओळखीत एकाची गाडी अशी गेली. कंपनीने इनटेक उंचावर ठेवलेला असतो तो काही उगाच नाही.

बोरिवलीचा_बंड्या
मंडळी, दोन दिवस ऑफिसात अडकलो, इथे शंभरी भरायची वेळ आली. काकांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला, ते खूश. इन्शुरन्सचा मुद्दा आईने उचलला, त्यामुळे किट बाद. पण मूळ त्रास तसाच आहे. आणि एक विचारायचं राहिलं: घाटात उंचीमुळे हवा विरळ होते, म्हणून गाडी रडते का? लेहला जाणारे टर्बोच घ्या म्हणतात.

तेलकट_हात
लेहवाले बरोबर आहेत. खारदुंगलासारख्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. साधं इंजिन तिथे अर्धमेलं होतं, टर्बो जास्त फिरून बरीच भरपाई करतो. सुपरचार्जर इंजिनच्या वेगाशी बांधलेला, तो जास्त फिरू शकत नाही. पण मालशेज सातशे मीटरच्या आसपास. तिथे फार तर सात-आठ टक्के ताकद जाते. तुम्ही रडता त्याचं कारण ते नाही.

स्पष्ट बोलतो, रागावू नका. तुमच्या गाडीचा जोर ४६०० ला आहे आणि तुम्ही तिला २२०० ला तिसऱ्यात चढवताय. दुसऱ्यात टाका, चार-साडेचार हजारांवर खुशाल चढू द्या. ते किंचाळणं नाही, त्या इंजिनाचा तो नेहमीचा आवाज आहे. रेडलाइन, म्हणजे आरपीएमची लाल मर्यादा, अजून कितीतरी लांब असते. प्लग, एअर फिल्टर, टायरमधली हवा आणि क्लच एकदा बघून घ्या. ओव्हरटेकच्या आधी गिअर खाली, मग पाय. अर्धा त्रास जाईल, खर्च काही हजार.

चौथा_गिअर
हे पटलं. तरी सुपरचार्जरची मजा वेगळीच, हे मी शेवटपर्यंत म्हणणार.

शेडवाले_काका
म्हणा की. आमच्याकडेही अल्कोवाले आणि ईएमडीवाले एका टेबलावर डबा खात नसत.

बोरिवलीचा_बंड्या
तेलकटराव, दुसऱ्या गिअरचं ऐकतो. बाबांना तो आवाज सोसत नाही, तो वेगळा विषय. पुढच्या वर्षी गाडी बदललीच तर टर्बो पेट्रोल, कंपनीचीच. टेस्ट ड्राइव्हला काय बघू? शोरूमवाला सर्व्हिस रोडवर एक चक्कर मारून आणतो आणि "सर, पिकअप बघितलं ना?" विचारतो.

वाशीचा_वल्ली
सर्व्हिस रोडवर काही कळत नाही. बोरिवलीहून घोडबंदरला घेऊन जा, गायमुखचा चढ गाठ. एसी फुल्ल, चार माणसं बसव. तिसऱ्यात १२०० पर्यंत काटा उतरू दे, मग पाय दाब आणि गाडी उचल खायला किती वेळ घेते ते बघ. मग तेच १८०० वरून. दोन्हीतला फरक म्हणजे तुझा रोजचा लॅग. नंतर चढावर पूर्ण थांबून पहिल्यात सोड, क्लच किती खेळवावा लागतो ते पायाला कळेल. घेतलीस तर तेल वेळेवर, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, कारण टर्बोचं बेअरिंग त्याच तेलावर तरंगतं. आणि घाट चढून लगेच चहाला थांबलास तर चावी फिरवायच्या आधी मिनिटभर इंजिन नुसतं चालू दे. चाक तापलेलं असताना तेलाचा प्रवाह तोडला तर ते तेल तिथेच जळून कडक होतं.

बोरिवलीचा_बंड्या
उत्तम. शनिवारी सकाळी दोन गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह मागितली आहे. मी, बायको, सेल्समन. चौथं माणूस कमी पडतंय.

चाकोरी
नाश्ता असेल तर मी येतो. वजन ९५.

तेलकट_हात
यांना घ्या. खरा निकाल लागेल.